आमसुलाच्या पाण्यातला बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. सरकारदरबारी माझे नाव शौर्यपदक, पण चौलजवळच्या आमच्या गावात तुळसाआजी मला बिल्लाच म्हणते. माझा जन्म झाला तेव्हा लढाई संपली होती. त्यामुळे कौतुक माझे होते, काम मात्र आजीच्या मुलाचे, नामाचे आहे. डोंगरावरच्या खंदकात हातबॉम्ब येऊन पडला. मागे चार सोबती होते. नामाने त्या बॉम्बवर स्वतःला झोकून दिले. चौघे वाचले आणि नामाच्या जागी मी घरी आलो. आजीने मला छातीशी धरले तेव्हा मला फार संकोचल्यासारखे झाले.

माझे काम सोपे आहे. वर्षभर ट्रंकेत लोळायचे आणि सव्वीस जानेवारीला आजीच्या पदरावर बसून शाळेत मिरवायचे. यंदा मी काळवंडलो होतो. आजीने पितळी हंडा घासायला काढला होता. तिने मलाही फितीसकट आमसुलाच्या पाण्यात बुडवले. हंडा लखलखला. माझ्या फितीचा रंग मात्र गेला आणि अंगावर डाग पडले. आजीने मला पदराने पुसून पाहिले, पण डाग जाईनात.

"पोराची येकच निशाणी व्हती, ती बी म्या घालवली," ती नातीला, मैत्रीला म्हणाली. "आता मी शालंत न्हाय येत."

"नवीन फीत मिळते गं आजी," मैत्री म्हणाली. पण आजी ऐकेना.

सव्वीसच्या सकाळी उरणहून गणराज आला. तो त्या चौघांतला एक. दर वर्षी येतो, पण यंदा पहिल्यांदाच नातवाला घेऊन आला होता. त्याने मला उलटसुलट करून पाहिले आणि बाळाला आजीच्या मांडीवर ठेवले.

"आई, निशाणी बिल्ल्यात कशाला शोधता? नामा नसता तर मी नसतो. मग हा कुठून आला असता?"

आजी बाळाकडे बघतच राहिली. तेवढ्यात त्या लबाडाने मला उचलून तोंडात घातले आणि आंबट लागताच असे काही तोंड वाकडे केले की आजी डोळे पुसता पुसता हसू लागली. मग डागांसकट मला पदराला लावून ती शाळेत निघाली. बाळ तिच्याच कडेवर होते.

मित्रांनो, माझ्यासारख्याला कोरड्या फडक्याने पुसा, आमसूल लावू नका. आणि ज्या घरात असा बिल्ला असेल, तिथे फक्त झेंडावंदनाच्या दिवशी जाऊ नका. मधूनच केव्हाही जा. आजी दार उघडेच ठेवते.