सासूबाईंचा डावा हात

मुंबईला ऑपरेशन झाल्यावर सासूबाई सिल्वासाला, आमली वस्तीतल्या आमच्या घरी आल्या त्या दोन अटींवर. एक डॉक्टरांची, एक त्यांची स्वतःची.

छातीतल्या गाठीपायी डॉक्टरांनी डावं स्तन काढलं होतं, शिवाय काखेतल्या ग्रंथीही. वर महिनाभर क्ष-किरणांचा शेक. "त्या हाताचा पहारा गेलाय," ते मला म्हणाले होते. "साधं खरचटलं तरी हात सुजेल, ताप चढेल. टोचणं नाही, कापणं नाही, भाजणं नाही. आणि रक्त भरून येईपर्यंत खोकल्या-तापाची माणसं लांब ठेवा."

सासूबाईंची अट एवढीच: "आमलीत कुणाला कळता कामा नये."

म्हणून आमलीपुरते त्यांना पित्ताचे खडे झाले होते. मी विळी, सुई, कोलंबी सगळं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मी सोललेली कोलंबी पाहून त्या म्हणाल्या, "बीएला हे शिकवत नाहीत वाटतं?" चौदा महिन्यांच्या अलकाला सर्दी झाली की आजी आणि नात खोलीच्या दोन टोकांना बसून एकमेकींना वाकुल्या दाखवायच्या. दारात कुणी शिंकलं की मी पुढे व्हायची. आई झोपल्यात. आई पूजेला बसल्यात.

"दिवसातून किती वेळा झोपतात गं?" शेजारच्या नलिनीवहिनींनी एकदा विचारलंच.

मग एका सकाळी देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, एक गुजराती सरकारी माणूस आला. नलिनीवहिनींच्या ओट्यावर त्याने स्टोव्ह पेटवला, सुया उकळत ठेवल्या. आळीतल्या बायका दंड उघडे करून रांगेत. नलिनीवहिनी पहिल्या. अलकाच्या दंडावरचा गेल्या वर्षीचा वण पाहून त्याने मान डोलावली आणि थेट आमच्या ओट्यावर चढला. सासूबाई तिथेच उन्हाला बसल्या होत्या. पळायला जागा नव्हती.

"माजी, डावा हात."

"त्यांना नको," मी म्हटलं. "ताप आहे."

नलिनीवहिनींनी लगेच येऊन सासूबाईंच्या कपाळाला हात लावला. "कसला ताप? मडक्यासारखं गार आहे."

"म्हणजे... मुंबईलाच काढल्यात देवी. मागच्या महिन्यात."

"वण दाखवा."

"वण भरून गेला."

"देवीचा वण भरून जात नाही, बेन," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर सरकार दंड बघतं. बरं, उजवा द्या."

"उजवाही नको!"

"का?"

"त्या हाताने त्या जेवतात."

अख्खी आळी हसली. "मीपण जेवतो," तो म्हणाला आणि बाही वर सारायला त्याने सासूबाईंचं डावं मनगट धरलं.

"सोडा!" मी इतक्या जोरात ओरडले की अलकाने भोकाड पसरलं.

सासूबाईंनी हात सोडवून घेतला. पदर सारखा केला. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पुरे गं. तुला खोटंही धड बोलता येत नाही." मग त्या माणसाला म्हणाल्या, "मला कॅन्सर झाला होता. डावी बाजू मुंबईत ठेवून आलेय. या हाताला सुई चालत नाही आणि अंगात रक्त भरेपर्यंत तुमची देवीही चालत नाही. आता लिहा वहीत काय लिहायचं ते."



त्याने वही मिटली. "माजी, आधी सांगायचं. अशा माणसाला आम्ही टोचतच नाही." मग बायकांकडे वळून म्हणाला, "आणि आज ज्यांना टोचलंय त्यांनी खपली पडेपर्यंत माजींच्या जवळ जायचं नाही. तीन आठवडे तरी. त्या फोडातूनही त्यांना लागण होईल."

नलिनीवहिनी चटकन चार पावलं मागे सरकल्या.

आत आल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. "झालं आता," म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत पार सामरवरणी गावाला पोचेल."

पोचलं. पण दुसऱ्या दिवशी मला दारात उभंच राहावं लागलं नाही. नलिनीवहिनी समोरच्या कट्ट्यावर पहाऱ्याला बसून आमच्याकडे येणाऱ्या बायकांना हटकत होत्या. "ए शैलजा, नाक पुसलंस ते दिसलं हं! फिर मागे!"

"ही बाई पोलिसात हवी होती," असं म्हणत सासूबाई बाहेर येऊन बसल्या. समोर, गल्लीपलीकडे, दंडावर ताजं टोचून घेतलेल्या सगळ्याजणी. त्यांतली शोभा काहीतरी पुटपुटली.

"ऐकू येत नाही. मोठ्याने विचार!"

"म्हटलं, फार दुखलं का हो?"

"ऑपरेशन नाही दुखलं," सासूबाई गल्लीपलीकडे ओरडल्या. "हात वर करून केस विंचरताना रडायला यायचं. आता जमतं. हे बघ!" आणि त्यांनी डावा हात कानापर्यंत नेऊन दाखवला. पलीकडून नलिनीवहिनींनी विचारलं की गाठ हाताला कशी लागली, कुठे लागली. सासूबाईंनी तेही सांगितलं, तेवढ्याच मोठ्याने.

माझे यजमान कचेरीतून आले. चार महिने घरातसुद्धा आम्ही जे कुजबुजत होतो, ते आपली आई अख्ख्या गल्लीला सांगतेय, हे ऐकून ते कोपऱ्यावरच थबकले. आणि शिंकले.

"भाऊजी!" नलिनीवहिनी कडाडल्या. "मागच्या दाराने!"

ते निमूटपणे मागच्या दाराकडे गेले.