चंपतकाकांच्या शेजारची जागा

“बाई, ‘फाइट बॅक’ म्हणजे काय? अन् ते वापरायचं कधी?”

इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडूच शकणार नाही, अशी माझ्या बाकावरच्या मथुरानं पैज लावली होती. उघडलं की नाही! वर्ग फिदीफिदी हसला. रुख्मिणीबाई मात्र हसल्या नाहीत.

“कुणी दाबायला लागलं, तर त्याला परतवून लावणं. मारामारीच लागते असं नाही, आवाजही पुरतो. कर बघू वाक्य.”

वाक्य सुचेना. डोळ्यांसमोर संध्याकाळची बसच आली.

तामसीहून आदिलाबादला शिकायला जाणारी आमच्या आळीतली मी एकटीच. म्हणून आईनं पहिल्याच दिवशी, रोज त्याच बसनं गावी परतणाऱ्या चंपतकाकांना सांगितलं होतं, “भाऊजी, पोरीले आपल्यापाशीच बसवत जा.” गावातल्या वडीलधाऱ्याच्या हवाली केली की पोर सुखरूप, असं आमच्याकडे सगळेच मानतात. तेव्हापासून काका माझी जागा धरतात. बस सुटली की त्यांचा हात माझ्या खांद्यावर येतो, तो गाव येईपर्यंत निघत नाही. मी खिडकीला चिकटून श्वास रोखते. घरी सांगितलं तर शाळाच सुटेल, म्हणून गप्प.

त्या संध्याकाळीही हात आला. बाईंचं ‘आवाजही पुरतो’ आठवलं. मी ओरडले, “काका, हात काढा!”

सगळी बस वळून बघायला लागली. काका हसले. “काय झालं वं? लेकीवानी हायेस तू मले.”

“तरी काढा!”

हात निघाला. पुढच्या बाकावरच्या राहीबाईंनी भाजीची टोपली मांडीवर ओढली. “ये इकडं, बस.” मी उठून त्यांच्याशेजारी बसले. तामसीला उतरल्याबरोबर काका झपाझप आमच्याच घराकडं निघाले.

मी पोचले तेव्हा ते अंगणातून परत फिरताना बाबांना म्हणत होते, “महिपत, पोरगी लय बोलाले शिकली तुही. सांभाळ!”

आईचा चेहरा पांढराफटक. “काऊन बोंबललीस बसमंधी? उद्यापासून शाळा बंद. चाल माझ्यासंग कापूस वेचाले.”

मी सगळं सांगितलं. हाताचंही. आई मटकन खाली बसली. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता मारतील.

“उद्या मी शाळेत जाईन अन् त्याच बसनं परत येईन,” मी म्हणाले. “हात आला तर पुन्हा ओरडीन. तुमी संग असा, नाई तर नसा.”