राहिलेलं लोण

नात रुचिताचं लग्न झालं त्याच वर्षी, मार्गशीर्षात, मी काळुरामला भेटायला कळव्याहून मोहन्याला गेलो. इमारतीचं नाव अक्षर अक्षर जुळवून वाचलं आणि आत शिरलो. काळुराम खाली पार्किंगमध्ये चाकाच्या खुर्चीत ऊन खात बसला होता. अर्धांगाने डावी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत.

"आलास का रं, विठ्ठल? मना वाटला, गेलास वर."

"तुला हितं टाकून कसा जाईन?"

कळव्याच्या खाडीकाठी, खाजणातल्या खारजमिनीत आट्यापाट्या खेळलेल्या पोरांपैकी आम्ही दोघंच उरलो होतो. घरी मी त्या खेळाचं सांगायला लागलो की नातवंडं मोबाइलमध्ये बघत नुसती मान हलवतात. म्हणून खिशात मिठाची पुडी घेऊन आलो होतो.

या खेळात जमिनीवर आडव्या रेघा असतात, त्या पाट्या. प्रत्येकीवर अडवायला एक गडी. सगळ्यांना चुकवून पलीकडे पोचलं की अर्धा खेळ झाला. तिथून लोण घेऊन परत यायचं. आम्ही मिठागरातली पोरं. आमचं लोण म्हणजे खरंच चिमूटभर मीठ, मुठीत धरून आणायचं.

पार्किंगमध्ये गाड्यांसाठी पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. पुडी मी पलीकडच्या भिंतीशी ठेवली आणि काळुरामची खुर्ची मधल्या रेघेवर नेली. चांगल्या पायाने तो ती मागेपुढे ढकलू लागला.

"ये! मना चुकवून दाखव!"

मी काठी टेकत डावीकडे हूल दिली आणि उजवीकडून निसटलो.

"लबाड! आजून तीच हूल!" खोकला येईपर्यंत तो हसला.

मी भिंतीशी पोचलो, तेवढ्यात गाडी आली. वॉचमन ओरडला, "ओ बाबा, बाजूला व्हा!" काळुरामचा मुलगा सुदेश धावत आला आणि खुर्ची घेऊन गेला.

"लोण ऱ्हायलाय!" काळुराम लिफ्टमधून ओरडला. "पुडी तिथंच ठेव. रविवारी ये. आनू देनार नाय तुना!"

रविवारी गेलो. खुर्ची मिटून जिन्याखाली ठेवलेली होती.

"काका, तुमचा नंबरच सापडला नाही हो," सुदेश म्हणाला.

वर थोडा वेळ बसून खाली आलो. पुडी भिंतीशी तशीच होती, दवाने ओली. चिमूटभर मीठ मुठीत घेतलं आणि एकेक रेघ ओलांडत निघालो. मधल्या रेघेशी आपोआप हूल दिली. कोणी अडवलं नाही. मूठ न उघडताच रिक्षात बसलो.

माझा मित्र काळुराम शुक्रवारी सकाळी वारला, मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या दिवशी.