फुकटचा पहारा

"दीदी, इसको कोई नहीं पढ़ता," भार्गव म्हणाला. "नीचे हरा बटन है, दबा दो बस."

"मेरे को पढ़ने दो भैया," नीलिमा रामटेके पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या भार्गवच्या त्या अरुंद संगणक-दुरुस्तीच्या दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. एकाच्या हातात प्रिंटर होता आणि तो तो या हातातून त्या हातात घेत होता. नीलिमाला ते दिसत होतं. पण ती नवा रायपुरातल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळायची आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही ही तिची नोकरीतली सवय आता स्वभाव झाली होती. कार्यालयात यावरून तिला हसत. घरी तिची मुलगीही हसायची.

लॅपटॉप मुलीचाच होता. दीपमाला घरी बसून दुकानदारांच्या जीएसटीची कामं करायची. अभनपूरच्या एका धान्य व्यापाऱ्यानं पेन ड्राइव्ह आणून दिला, तो लावला आणि त्या दिवसापासून पडद्यावर लाल पाट्या उगवायला लागल्या. फाइली उघडेनात. भार्गवनं सगळं साफ करून दिलं होतं आणि आता मशीनला पहारा हवा म्हणत होता. फुकटातला अँटीव्हायरस भरपूर होतो, असं त्याचं मत होतं.

"इथं लिहिलंय, तुम्ही कोणकोणती पानं बघता ते आम्ही आमच्या भागीदारांना देऊ शकतो," ती म्हणाली. मग हिंदीत विचारलं, "ये भागीदार कौन हैं?"

"अब दीदी, ये तो वो खुद भी नहीं जानते होंगे."

त्यानं दुसरा दाखवला. त्याला मोबाइल नंबर हवा होता आणि घर कुठं आहे तेही. तिसरा बरा वाटला, पण त्यात एक ओळ होती: संशयास्पद वाटणाऱ्या फाइली तपासणीसाठी आमच्याकडे पाठवल्या जातील. त्या ओळीवर नीलिमा थांबली.

"पैसे देऊन घेतला तर?"

भार्गवनं विकतच्या अँटीव्हायरसचा खोका काढला, त्याच कंपनीचं पान उघडलं आणि बोटानं दाखवलं. तिथंही जवळपास तेच लिहिलेलं होतं. "पैसा लेके भी यही करते हैं," तो म्हणाला. "आप बताओ, आपके घर में ऐसा क्या रखा है?"

"काही नाही," नीलिमा म्हणाली. "उद्या आणते." आणि लॅपटॉप पिशवीत घालून ती निघाली.

घरात होतं ते तिनं भार्गवला सांगण्यासारखं नव्हतं. दीपमालाला बारावीत पहिल्यांदा फिट आली. डॉक्टर म्हणाले, मिरगी आहे, गोळ्यांनी ताब्यात राहील, घाबरायचं नाही. पुढच्या खेपेला म्हणाले, झटका आला की फोनवर व्हिडिओ घ्या, बघितल्याशिवाय प्रकार कळत नाही. तो व्हिडिओ नीलिमानं घेतला होता. मुलगी फरशीवर ताठ झाली होती, ओठ निळे पडले होते, आणि आईनं तिला कुशीवर वळवून डोक्याखाली उशी सारली आणि मग मागे सरकून फोन धरला. तिचा नवरा त्याआधीच वारला होता. तो व्हिडिओ डॉक्टरशिवाय कोणी पाहिलेला नव्हता. तो लॅपटॉपवर ठेवलेला होता, पण दीपमालानंसुद्धा कधी उघडला नव्हता. नातलगांत, पाऱ्यात म्हणजे वस्तीत, बुद्धविहारात कुणालाही या आजाराचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर नीलिमानं तो व्हिडिओ, मेंदूच्या तपासणीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो, सगळं एका पेन ड्राइव्हवर काढलं, लॅपटॉपवरून पुसलं आणि पेन ड्राइव्ह कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

"एवढं काय, आई," दीपमाला म्हणाली. "कंपनीवाले मेरा वीडियो देखके क्या करेंगे?"

"ते काय करतीन ते मले नाही माहीत. म्हणूनच तं."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तिनं भार्गवसमोर पहिला अँटीव्हायरस घेतला, कारण त्यात एक चौकोन होता. 'माहिती भागीदारांना देण्यास माझी संमती आहे' असं त्याच्यापुढे लिहिलेलं होतं आणि त्यात आधीच खूण केलेली होती. नीलिमानं ती खूण काढून टाकली. पडद्यावर आलं: आम्ही तुमच्या निर्णयाचा आदर करतो. तिला बरं वाटलं.

मशीन चालू लागलं. कोपऱ्यात रोज एक पिवळी चौकट यायची, तुमचा संगणक धोक्यात आहे, पूर्ण आवृत्ती घ्या. दीपमाला ती बंद करायची आणि कामाला लागायची. रात्रीचं जेवण झालं की नीलिमा तोच लॅपटॉप मांडीवर घेऊन वाचत बसायची. मिरगी आणि लग्न. मिरगी आणि बाळंतपण. या गोळ्या पोटातल्या बाळाला चालतात का. फाइली कपाटात होत्या, म्हणून तिला सगळं कपाटात आहे असं वाटत होतं.

पाऊस संपता संपता सत्यभामाबाईंनी स्थळ आणलं. सत्यभामाबाई त्याच पाऱ्यातल्या, साठी ओलांडलेल्या, विहारातल्या सगळ्यांत जुन्या. नीलिमाच्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत याच बाई दोन्ही वेळचा डबा आणून देत. मुलगा यशदीप, भिलाईला कारखान्यात, आईवडील नाहीत, मोठी बहीण माया हीच घरची कर्ती. यशदीप आणि दीपमाला फोनवर बोलू लागले. तो कमी बोलायचा आणि ऐकून घ्यायचा, हे तिला आवडलं.

नीलिमाचं म्हणणं होतं, आत्ता सांगू नये. "साखरपुडा होऊन जाऊ दे. मंग मी सांगतो मायाताईले."

"नाही," दीपमाला म्हणाली. एरवी ती आईच्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायची, पण हे मराठीत म्हणाली. "तू नाही सांगायचं. सत्यभामाबाईलेही नाही. बिमारी मले आहे, मी सांगीन. माझ्या तोंडानं, त्याच्या समोर बसून."

"अन् तो नाही म्हणाला तं?"

"तो ना बोलेगा. उसका हक है."

फोनवर सांगायचं नाही हेही तिनंच ठरवलं होतं. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणाली. रविवारी ते सगळे येणार होते. चहा झाला की यशदीपला गच्चीवर न्यायचं आणि सांगायचं. त्या दिवशी सकाळपासून ती कामं करता करता पुटपुटत होती. नीलिमानं एकदा कान देऊन ऐकलं. "मला एक सांगायचं आहे. ऐकून घ्या, मग काय ते ठरवा." एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पाहुणे दुपारी आले. यशदीप फोनवरच्या आवाजापेक्षा लाजाळू निघाला. माया मोकळी होती. तिनं बेसनाची कुरकुरीत ठेठरी चाखली, कशी केली विचारलं, दीपमालाच्या कामाची चौकशी केली. सत्यभामाबाई खुर्चीत टेकून समाधानानं सगळ्यांकडे पाहत होत्या. चहा यायच्या आधी माया म्हणाली, "तुमच्याकडं तो लग्नाचा नवा हॉल आहे ना, रिंग रोडवर? त्याचे नेटवर फोटो आहेत म्हणते. पाहू बरं."

"लॅपटॉपवर मोठे दिसतीन," दीपमाला म्हणाली आणि उत्साहानं उठली. ते तिचं कामाचं यंत्र होतं. ते आणताना तिची मान ताठ होती.

तिनं हॉलचं पान उघडलं. मांडव, खुर्च्या, जेवणाची जागा. उजव्या बाजूला जाहिरातीत एक बाई जमिनीवर पडलेली होती आणि वर लिहिलं होतं: मिर्गी के दौरे? शादी से पहले पूरा इलाज.

दीपमालानं पान खाली सरकवलं. खाली तीच बाई पुन्हा आली. तिनं दुसऱ्या हॉलचं पान उघडलं. तिथं एक पोटुशी बाई होती: मिर्गी में गर्भधारण, विशेषज्ञ से बात करें. नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. तिला तिथूनही वाचता आलं.

"हे तुमच्याकडं काहून येऊन राहिलं?" माया म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझ्या फोनवर तं साड्याच येते. आपण जे पाहतो तेच येते म्हणते ना?"

दीपमालानं लॅपटॉप मिटला आणि यशदीपकडे वळली.

"मले आहे मिरगी," ती म्हणाली. "गोळ्या चालू आहेत. मी आज सांगणारच होते तुम्हाला."

वाक्य खरं होतं. पण खोलीत ते पकडल्या गेलेल्या माणसाच्या वाक्यासारखं पडलं, आणि हे बोलता बोलताच तिलाही ऐकू आलं. यशदीपनं मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

"एवढं बोललो आपण फोनवर," तो म्हणाला. "तेव्हा काहून नाही सांगितलं?"

चेहरा दिसत नाही, हे कारण सकाळपर्यंत पुरेसं होतं. आता ते तिला सांगता येईना.

चहा सगळ्यांनी घेतला. माया जाताना नीलिमाचा हात धरून नीट निरोप घेऊन गेली. यशदीपनं वाकून नमस्कार केला. नकार सत्यभामाबाईंकडून आला, आणि त्यांनाच तो सांगायला जड गेला. "बिमारीचं एवढं नाही म्हणते ते," त्या म्हणाल्या. "लपवलं म्हणते. अन् मलेही नाही सांगतलं तुम्ही, नीलिमा. मी तं तोंडावर पडली ना."

नीलिमा लॅपटॉप घेऊन भार्गवकडे गेली. त्यानं अँटीव्हायरसच्या आतली पानं उघडत उघडत तो चौकोन शोधून काढला. त्यात खूण होती.

"मी काढली होती," ती म्हणाली. "तुम्हारे सामने निकाली थी."

"अपडेट आया होगा दीदी. अपडेट में कभी-कभी वापस लग जाता है."

"मग यांनीच दिलं ना सगळं?"

भार्गवनं मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही. "हो सकता है. सर्च से भी जाता है, फोन से भी जाता है, दवाई की वेबसाइट से भी जाता है. किसने दिया, ये कभी पता नहीं चलता." मग त्यानं हळूच विचारलं, "क्या हुआ दीदी, कुछ गड़बड़ हो गई?"

तिनं नाही म्हटलं.

घरी तिनं कंपनीला लिहिलं. कार्यालयात लिहायची तसंच, विषय, संदर्भ, विनंती. आमच्या घरची जी माहिती आपल्याकडे आहे ती पुसून टाकावी. उत्तर लगेच आलं, इतकं लगेच की कोणी वाचलं असण्याची शक्यता नव्हती. माहिती पुसण्यासाठी आपली ओळख पटणं आवश्यक आहे, त्यात म्हटलं होतं. कृपया ओळखपत्राचा फोटो, मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता पाठवावा. नीलिमानं ते दोनदा वाचलं. तिनं पर्समधून आधार कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं, त्याच्याकडे बघत बसली आणि मग परत आत ठेवलं.

निदान तो अँटीव्हायरस मशीनवरून तरी काढून टाकावा म्हणून ती बसली, तर का काढता असं विचारत पडद्यावर कारणांची यादी आली. संगणक मंद चालतो. दुसरं उत्पादन घेतलं. आता गरज नाही. तिनं खाली खाली पाहिलं. तिचं कारण त्यात नव्हतं.

"रहने दो आई," दीपमाला म्हणाली. ती दारात उभी होती. "जायचं होतं ते गेलं."

"तू सांगणार होती. हे मी सांगतो ना मायाताईले, भिलाईले जाऊन सांगतो."

"कोण मानेल?" दीपमाला तिच्याजवळ येऊन बसली. "लॅपटॉप उघडायच्या आधी बोलली असती तं मी खरी होती. आता मी काही बी बोलली तं झूठीच. त्याने ना बोला, उसका मुझे इतना नहीं है. मले फक्त सांगायचं होतं."

नीलिमानं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. दीपमाला अभनपूरच्या व्यापाऱ्याचं काम राहिलंय म्हणून लॅपटॉप घेऊन आत गेली.

पाऱ्यात बातमी पसरायला फारसा वेळ लागला नाही. कोणी वाईट वागलं नाही. भाजी घेताना बायका दीपमालाची तब्येत विचारू लागल्या, आणि विचारताना आवाज खाली आणू लागल्या. एका दुकानदारानं कामं दुसरीकडे दिली. तुला त्रास नको बेटी, म्हणाला.

पौर्णिमेला दोघी विहारात गेल्या. दीपमालाला यायचं नव्हतं, मग स्वतःच पांढरी साडी नेसून तयार झाली. ती नेहमीप्रमाणे पुढच्या सतरंजीवर बसली. एरवी तिच्या दोन्ही बाजूंना मुली दाटीवाटीनं बसत. आज त्या आल्या, तिच्याकडे बघून हसल्या आणि जरा पलीकडे बसल्या. नीलिमा खांबाजवळ बसली होती.

वंदना सुरू व्हायच्या आधी सत्यभामाबाई आल्या. नकार सांगायला आल्या तेव्हापासून त्या बोललेल्या नव्हत्या. त्या मुलींना ओलांडून सरळ दीपमालाच्या मागे जाऊन बसल्या आणि पदराखालून एक पॉलिथिनची पिशवी काढून शेजारी ठेवली. पिशवीतून चामडी चपलेची टाच दिसत होती. नीलिमा उठून त्यांच्याजवळ गेली आणि वाकली.

"हे आत काहून आणलं, बाई?"

"असू दे व," सत्यभामाबाई कुजबुजल्या. "पोरीले फिट आली तं वास द्यायले लागते. वेळेवर बाहेर कोण धावते? मी बसतो हिच्या मागे. दर पौर्णिमेले बसत जाईन."

या बाई विहारात कुणाची चप्पल उंबऱ्याला लागली तरी बोलत. नीलिमाला त्यांना सांगायचं होतं की याचा काही उपयोग नसतो, फक्त कुशीवर वळवायचं असतं. पण बाईंचे डोळे भरून आले होते, आणि तिकडे वंदनेसाठी सगळ्यांनी हात जोडले.

दीपमालानं सगळं ऐकलं होतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. हात जोडलेलेच ठेवून ती सतरंजीवर थोडी पुढे सरकली आणि बाईंना आणि पिशवीला नीट जागा करून दिली.