दहावा परीक्षार्थी

सन १९२७ सालच्या मार्च महिन्यात आमच्या बोरवाडी गावच्या शाळेवर जो बिकट प्रसंग ओढवला, तो यथामती निवेदन करतो.

अनसिंगपासून दोन कोसांवर असलेल्या या गावी शाळेत वर्ग चार व शिक्षक एकच होते. त्यांचे नाव रतनसिंग मास्तर. त्या वर्षी वरून असा हुकूम आला की, ज्या शाळेतून चौथीच्या परीक्षेस किमान दहा विद्यार्थी बसणार नाहीत, तिचा चौथा वर्ग मोडण्यात यावा व त्या वर्षाची परीक्षाही रद्द समजावी. आमच्या चौथीत नेमकी दहाच मुले होती. वर्ग मोडल्यास मुलांनी नाला ओलांडून अनसिंगास जावे, असे कागदावर ठीक दिसत होते. परंतु एकही पालक त्यास राजी नव्हता. सारांश, एक मुलगा गळाला की उरलेल्या नवांचे शिक्षण संपलेच.

शाळेच्या भिंतीमागेच माळ्यांचा मळा होता. त्यातील विहीर गोमतीबाई ही विधवा व तिचा धाकटा दीर नानाजी यांच्यात सामाईक होती. उन्हाळ्यात पाणी आटत असल्यामुळे एक दिवस तिची पाळी व एक दिवस त्याची, असा वहिवाटीचा नियम होता. वाटणीच्या तंट्यापासून उभयतांत अबोला होता. विहीर मात्र दोघांचीच राहिली. गोमतीबाई मोट हाकीत असे आणि तिचा मुलगा रूपला वाफ्यांत पाणी वळवीत असे. हा रूपला चौथीत होता. नानाजीचा नथ्थूही चौथीतच होता; पण नानाजी त्यास पाण्यावर लावीत नसे, एकटाच कसेबसे भागवीत असे.

मास्तरांनी दूरदृष्टीने परीक्षा नानाजीच्या पाळीच्या दिवशी मागून घेतली होती. तथापि परीक्षा घ्यावयास येणाऱ्या डिप्टी साहेबांच्या दमणीचा, म्हणजे हलक्या बैलगाडीचा, आख वाटेत मोडला आणि साहेब एक दिवस उशिरा आले. तो दिवस गोमतीबाईच्या पाळीचा होता.

साहेब हातपाय धूत असताना मास्तर धावतच मळ्यात गेले.

"गोमतीबाई, रूपलाले धाडा. साहेब आले."

"काल काहून नाई आले?" गोमतीबाईने बैल थांबविले नाहीत. "मोट फाटली तवा मांगची पाळी बुडाली माही. आज बुडाली तं मिरच्या जयल्या समजा. साहेब येतीन का पानी द्याले?"

"वर्ग मोडते, बाई."

"वर्ग मोडला तं लोक हयहयतीन. मिरच्या जयल्या तं मी एकटीच रडीन."

रूपला वाफ्यात चिखलाने भरलेले पाय घेऊन उभा होता. मास्तर बांध ओलांडून नानाजीकडे गेले. तो बाभळीखाली बसून वांग्यांच्या पाट्या बांधीत होता.

"नानाजी, आजची पाळी तुमी घ्या अन् उद्याची त्याह्यले द्या."

"मी नाई म्हनतो का? वयनीनं यावं अन् मंगावं." नानाजीने गाठ मारली. "माहं पोट्टं तं शायेत जाऊन बसलं."

"तेच सांगून राह्यलो. रूपला नाई आला तं नथ्थूची परीक्षा बी फुकट."

नानाजीने मान वर केली. "म्हंजे? पोट्टं तिचं गैरहजर, अन् नापास माहं?"

"दहा पाह्यजेत. नऊ म्हंजे कोनीच नाई."

नानाजी हसला. "म्हंजे सरकारनं बी इहीर सामाईकच खंदली म्हना." परंतु तो जागचा उठला नाही.

गोमतीबाई मोटेच्या धावेवरून हे सारे पाहत होती. मास्तर दिराकडे गेले, म्हणजे आपली अडचण त्याच्यासमोर मांडली गेली, हे तिला सहन झाले नाही.

"रूपला," ती म्हणाली, "पाय धू अन् जाय शायेत. मी एकटी पाह्यतो."

अशा रीतीने रूपला मास्तरांच्या मागोमाग शाळेत आला. दहावी जागा भरली. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. परंतु खरे संकट पुढेच होते.

साहेब एकेकास उभे करून क्रमिक पुस्तकातील बंदराचा धडा वाचावयास सांगत होते. आमच्यापैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. तरी गलबत, शीड व दीपगृह या शब्दांचे अर्थ मुलांनी घोकून ठेवले होते. नथ्थू अडखळत का होईना, वाचून खाली बसला. शेवटी रूपलाची पाळी आली.

त्याने पुस्तक हाती धरले. भिंतीपलीकडे मोटेचे चाक करकरत होते, ते थांबले. चाक थांबले म्हणजे आई बैल उभे करून वाफ्याकडे धावली, हे रूपलास न पाहता कळत होते. पुन्हा चाक वाजले. पुन्हा थांबले. विहिरीचे पाणी थोडे, ऊन चढलेले. अशाने निम्मे वाफेही भिजणार नव्हते.

"वाच," साहेब म्हणाले.

रूपलाचे ओठ हलले, शब्द निघाला नाही.

"मास्तर, या मुलास वाचता येते ना?"

"येते, साहेब. सर्वांत चांगले येते."

"मग वाचावे. केवळ येऊन बसल्याने परीक्षा होत नाही. उत्तर न देणारा गैरहजर समजावा, असा नियम आहे." साहेबांनी टाक दौतीत बुडविला.

मास्तर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी गजास घट्ट धरले. नऊ मुले रूपलाकडे पाहत होती. नथ्थू दबक्या आवाजात म्हणाला, "वाच ना बे, रूपला." चाक थांबलेलेच होते. या वेळी ते फार काळ थांबले. एखादा वाफा फुटला असावा. साहेबांनी टाक कागदाकडे नेला.

इतक्यात भिंतीपलीकडून एक जाडा, चिडका आवाज आला, आणि तो शाळेत सर्वांनी ऐकला.

"वयनी, बैलं उभे नोका करू. वाफ्याचं दार मी धरतो. तुमी हाका."

मग चाक करकरले, आणि करकरतच राहिले.

रूपलाने खाली पाहिले व वाचावयास प्रारंभ केला. गलबत, शीड, दीपगृह, सर्व काही त्याने एका दमात वाचले व अर्थही सांगितले. साहेबांनी त्याच्या नावापुढे खूण केली. खिडकीपाशी मास्तरांनी गज सोडला, तेव्हा त्यांच्या तळव्यावर गंज उमटलेला होता.

पुढे निकाल लागला. वर्ग राहिला. रूपला उत्तीर्ण झाला व नथ्थू गणितात नापास झाला. ते ऐकून नानाजी मास्तरांस म्हणाला, "पानी मी धरलं अन् पास तिचं झालं. हा कोनता हिसाब, बाप्पा?" मास्तरांनी सांगितले की वर्ग शाबूत आहे, तेव्हा नथ्थू पुढील वर्षी पुन्हा बसू शकतो. नानाजी कुरकुरत निघून गेला.

परंतु परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे नानाजीच्या पाळीस, जे घडले ते सांगून लेखणी ठेवतो. सूर्य उगवला तेव्हा नानाजी बैल जुंपीत होता. त्याच्या वांग्यांच्या वाफ्याशी गोमतीबाई पदर खोचून, हाती फावडे घेऊन उभी होती. नानाजी पाहतच राहिला.

"भाऊजी, पाहून काय राह्यले?" ती म्हणाली. "हाका. ऊन चढून राह्यलं."