वळशावरचं बूच

वाटीच्या तळाशी झडप पडली होती — शर्टाच्या बटणाएवढी, काळ्या रबराची, मधोमध बारीक चीर — आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजून तिच्यावरचे मिठाचे पापुद्रे कसे अलगद सुटले होते. छान निघालं, असं सासूच्या मनात आलं, कौतुकानेच आलं, आणि चहाचं आधण ठेवायला पुढे गेलेला हात तसाच राहिला.

झडप इथे आहे. म्हणजे तिथे, बोटीत, नाही. म्हणजे तिथे बूच आहे.

दाराशी सुनेचे गमबूट नव्हते. काल जेवताना ती म्हणाली होतीच, उद्या लवकर बोट घेऊन जाणार, पक्षी मोजणारे दोघं येणार आहेत. आणि आपण मान डोलावली होती, मग गुडघ्याची गोळी घेतली, आणि सकाळी सुनेच्या आधी उठून पाच मिनिटांत झडप बसवून टाकू असं म्हणत म्हणत... सूर्य खिडकीच्या निम्म्यावर आला होता.

फोन लावला. संपर्काच्या बाहेर. पुन्हा लावला. तीच बाई, तोच गोड आवाज — हिचं काय जातंय!

चपला उलटसुलट अडकवून ती बंदराच्या उतारावर लागली, आणि पाय चालत असताना डोकं खाली, बोटीच्या पोटात उतरलं. इंजिन समुद्राच्या पातळीच्या खाली बसलेलं. पंप समुद्राचं पाणी ओढतो, इंजिन गार करतो, आणि तेच पाणी मग एक्झॉस्टच्या नळीत पडून धुराबरोबर मागून बाहेर जातं. चालू असेतो काळजी नाही, धूर ढकलतो. पण इंजिन बंद केलं की ढकलणारं कोणी उरत नाही आणि पाणी मात्र यायचं थांबत नाही — नळीने डब्यातलं रॉकेल काढताना एकदा तोंडाने ओढलं की पुढे ते आपलं आपण येतच राहतं, तसं. म्हणून तर नळीला उंच वळसा, आणि वळशाच्या माथ्यावर ही बटणाएवढी झडप. ती घोटभर हवा आत घेते आणि पाण्याची ओढ तुटते. काल ती मिठाने अडकून ठिबकत होती, बोटीत ठेवलेली सुनेची उशी भिजली होती. मी काढली. चालवून बघायला भोकाला बूच मारलं. दहा मिनिटं चालवलं, ठिबकणं थांबलं, खूश झाले, समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा कॉक बंद केला, त्याच्या दांड्यावर किल्ली अडकवली आणि घरी आले.

चिंधी बांधली नाही.

घरातला नियम तिचाच होता — काम अर्धं राहिलं की किल्लीला लाल चिंधी. चिंधी खिशात होती, बोटांना लागलीसुद्धा होती. पण चिंधी म्हणजे सुनेने विचारायचं, काय हो आई, राहिलं का काही? आणि आपण सांगायचं, हो, राहिलं... तेवढ्यासाठी काय चिंधी, सकाळी मीच तर येणार. आणि सून — “तुम्ही हात लावलात ना, मग मी बघतसुद्धा नाही” असं बंदरभर सांगत फिरणारी — तिने कॉक उघडला असेल, किल्ली फिरवली असेल आणि गेली असेल. गाणं म्हणत.

आणि पक्ष्यांसाठी खडकांत जाऊन इंजिन बंद केलं असेल. पाणी आत चढताना आवाज करत नाही. आधी सायलेन्सर भरतो, मग नळी, मग उघड्या वाटेने सिलिंडर... आणि पाणी दाबलं जात नाही, काही केल्या नाही. किल्ली फिरवली की एकच ठोका. मग लोखंड वाकतं. मग खडकांत, लाटेवर, तीन माणसं.

मुलगा मोठ्या जहाजावर, चार महिने लांब. त्याला काय सांगू? बूच मारलं होतं, असं?

रेडिओच्या खोलीत पोपट होता. ऐकलेलं दोनदा म्हणायची नोकरीने लागलेली सवय, म्हणून सगळे त्या रेडिओवाल्याला पोपट म्हणत.

“बसा वहिनी. आधी बसा.”

“सुनेला लाव.”

“काय सांगू? काय सांगू तिला?”

ती थांबली. हा रेडिओ प्रत्येक बोटीत वाजतो. बर्फवाल्याकडे वाजतो. बाईमाणसाच्या हातचं इंजिन, म्हणून हसणारे तिघं जेटीवर जाळं सोडवत बसलेत, त्यांच्या मांडीशी वाजतो. पोपटाच्या कानात हळूच सांगितलं तर... तर तोही दोनदाच म्हणणार. तिने त्याच्या हातातून माइक घेतला.

“ऐक गं. इंजिन चालू असेल तर बंद करू नकोस. बंद असेल तर चालू करू नकोस.”

“वहिनी,” पोपट पुटपुटला, “सासूच्या सगळ्याच सूचना अशा असतात का हो?”

खरखर. नुसती खरखर. मग —

“आई? बंद आहे. अर्धा तास झाला. आवाज केला की पक्षी उडतात ना यांचे.”

“खडकापासून किती?”

“हाक मारली तर ओ देईल, एवढा जवळ.”

तिने माइकचं बटण पुन्हा दाबलं.

“तळाचा कॉक बंद कर. आत्ता. वळशावर मी बूच मारलंय. झडप इथे घरी, वाटीत आहे. चिंधी बांधली नाही. माझं चुकलं. सायलेन्सरच्या तळाचा स्क्रू काढ, पाणी किती येतं सांग.”

एका दमात म्हणून झालं. बाहेर जेटीवर कोणी हसलं नाही, हेच जास्त वाईट वाटलं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

किती वेळ गेला. पोपट घड्याळाकडे बघेना, म्हणून तीही बघेना.

“आई, दोन बादल्या झाल्या. अजून येतंय.”

थोडं पाणी तिथे असतंच. दोन बादल्या नसतं.

“येऊ दे. संपलं की पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लाव आणि इंजिन हाताने फिरव, सावकाश. अडलं तर सिलिंडरमध्ये पाणी आहे, जोर करू नकोस. किल्लीला हात लावायचा नाही, काय?”

“नाही लावत.” थोडं थांबून, “नांगर सरकतोय वाटतं जरा.” आणि मग वेगळ्याच, घरातल्या आवाजात — “आई, तुम्ही घाबरलाय का?”

सगळं बंदर ऐकत होतं.

“हो,” ती म्हणाली. “खूप.”

“मला वाटलं मी एकटीच.” सून हसली की काय केलं, कळलं नाही. “थांबा. लावते पाना.”

खरखर थांबली. तिने डोळे मिटले आणि नट डोळ्यांपुढे आणला, त्यावर पाना बसवला, आणि पान्यावर सुनेचा हात ठेवायला गेली... आणि तो दिसेना. डावा की उजवा? पाना कवटाळून धरते की चिमटीत? जोर अंगठ्याने लावते की खांद्याने? चार वर्षं, प्रत्येक वेळी, इंजिन मीच तयार करून दिलं, ‘हो बाजूला, कपडे खराब होतील’ म्हणत — आणि या मुलीचा हात काम करताना कसा दिसतो ते मला माहीतच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. नट दिसत होता, पाना दिसत होता, आणि पान्यामागच्या अंधारात ती, माइक दोन्ही हातांनी धरून, एका अनोळखी बाईच्या हाताची वाट बघत राहिली.