जावेच्या हातचा घोट

केशरबाई आणि तिची थोरली जाऊ भागिरथीबाई यांच्यात अकरा वर्षांचा अबोला होता, आणि तोही कुकरच्या शिटीवरून. कुकर उसना गेला, परत आला तो बिनशिटीचा, आणि बोलणं तिथंच संपलं. घराला घर लागून. पण निरोप द्यायचा झाला तर दोघी कोंबडीकडं बघून बोलत. शहाण्यानं असल्या भांडणात पडू नये. पडलेले दोघेतिघे अजून पस्तावताहेत.

मात्र श्रीरामपूरजवळच्या त्यांच्या गावातल्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. एकच भाकर मोडायची, द्राक्षरसाचा एकच प्याला हातोहात फिरायचा. थोरली आधी, धाकटी नंतर. भागिरथीबाई घोट घेई आणि प्याला केशरबाईच्या हातात देई. तेवढ्यात बोटाला बोट लागे. त्या एका स्पर्शावर केशरबाई महिना काढायची, पण हे तिनं कोंबडीलाही सांगितलं नव्हतं.

कोरोना आला, चर्च बंद पडलं, पुन्हा उघडलं. पंच कमिटीचे सेक्रेटरी अजिनाथ यांनी ठराव मांडला: सामाईक प्याला बंद, ज्यानं त्यानं आपापला आणावा.

"मला न्हाई पटत," केशरबाई सभेत म्हणाली.

"का पण, मावशी?"

"न्हाई पटत म्हंजी न्हाई पटत."

खरं कारण सांगायला जीभ रेटेना. ठराव पास झाला.

पहिल्याच रविवारी कमिटीनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. चर्चमध्ये भांड्यांचं दुकान लागलं. कुणाचं फुलपात्र, कुणाचं थर्मासचं टोपण, एका आजोबांचा तर तांब्या. अजिनाथ स्वतः क्रिकेटचा करंडक घेऊन आले होते. त्यात लिटरभर सहज मावलं असतं. मनुका उकळून केलेला रस दुसऱ्या बाकावरच तळाला गेला, तेव्हा त्यात पाणी घातलं. मग आणखी घातलं. पाळक भीमराज साळवे "आपण सर्व एकाच प्याल्याचे भागीदार आहोत" असं म्हणत होते आणि समोर साठ भांडी आ वासून बसली होती.

केशरबाई रिकाम्या हातानं आली होती.

"प्याला कुठंय, केशरबाई?" पाळकांनी विचारलं.

"न्हाई आनला."

चारी बाजूंनी भांडी पुढं आली. करंडकही आला. केशरबाईनं सगळ्यांना मानेनंच नको म्हटलं. प्याला नसलेल्या माणसाचं काय करायचं, हे ठरावात नव्हतं. म्हणून अजिनाथांनी उपासना थांबवून वेदीपाशीच तातडीची बैठक बोलावली. ओंजळ हा प्याला धरावा काय, यावर मतदान झालं. समसमान मतं पडली. मग ओंजळीला सॅनिटायझर रसाआधी लावायचं की नंतर, यावर एक पंच रागावून बाहेर जाऊन बसला. बाकीच्यांचे हात भांडी धरून भरून आले.

शेवटी अजिनाथांचा धीर सुटला. "मावशी, तुमाला नेमका कुठला प्याला पायजे, त्ये तरी सांगा!"

केशरबाई उभी राहिली.

"मला प्याला नगं. मला तिच्या हातचा घोट पायजे."

भागिरथीबाईनं सावकाश मान वळवली.

"मंग अकरा वर्सं तोंड काय भाड्यानं दिलं हुतं?"

एवढं बोलून तिनं आपल्या फुलपात्रातलं अर्धं पिऊन टाकलं आणि उरलेलं केशरबाईपुढं धरलं. अजिनाथ "पण ठराव..." म्हणाले, तोच पाळकांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना करंडकासकट खाली बसवलं.

केशरबाईनं फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं. तिला इतकं रडू आलं की पिणं जमेना. कसाबसा घोट गिळून ती म्हणाली, "लई पानचट हाय."

"व्हय की. बादलीभर पानी वतलंय ह्यांनी," भागिरथीबाई म्हणाली, आणि हाताला धरून तिला आपल्याजवळ बसवलं.